चाळिशीतला रक्तदाब, सत्तरीतली बुद्धी



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांनी आम्हाला शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. हृदयाचा धडा सोमवारी आणि मेंदूचा धडा पुढच्या महिन्यात, ही विभागणी त्यांना कधीच मान्य नव्हती. रक्ताभिसरण शिकवताना ते मेंदूपर्यंत जात आणि मेंदू शिकवताना पुन्हा हृदयाशी येत. परीक्षेच्या दृष्टीनं ते आम्हाला गैरसोयीचं वाटे. पुढे रुग्ण तपासायला लागल्यावर कळलं की सर आम्हाला माणूस शिकवत होते. त्यामुळे आजचा विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. उतारवयात विचार मंदावतो, व्यवहार जमेनासा होतो, माणूस गप्प होतो. घरचे म्हणतात, वय झालं की असंच व्हायचं. या मंदावण्यातला बराच भाग रक्तवाहिन्यांच्या आजारातून येतो. हा आजार चाळिशी-पन्नाशीत आकार घेतो, तेव्हा त्याचं एकही लक्षण दिसत नाही, पण तो मोजता येतो आणि स्वस्त गोळ्यांनी आटोक्यात ठेवता येतो. इतकं माहीत असूनही आपण तो मोजत नाही. याची मला खंत वाटते, आणि त्यासाठीच मी इथे उभा आहे.

इटलीतल्या तुरीन शहरात आंजेलो मोसो नावाचे शास्त्रज्ञ होते. १८७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बेर्तिनो नावाच्या एका शेतकऱ्याचा अभ्यास केला. उंचावरून वीट पडून बेर्तिनोच्या कवटीला भोक पडलं होतं. त्या जागी हाड उरलं नव्हतं, आणि मेंदूची स्पंदनं वरून जाणवत. मोसोंनी तिथे एक उपकरण बसवलं, दुसरं हाताला लावलं, आणि दोन्हीकडची स्पंदनं एकाच वेळी कागदावर नोंदवली. दुपारी बाराला चर्चची घंटा वाजली. मेंदूची स्पंदनं एकदम मोठी झाली. हाताची होती तशीच राहिली. घंटा ऐकून प्रार्थना म्हणायची आठवण झाली का, असं मोसोंनी विचारलं. बेर्तिनो हो म्हणाला. मग त्याला आठाला बारानं गुणायला सांगितलं, आणि तो आकडेमोड करू लागताच पुन्हा तेच घडलं.

मनात एक विचार आला आणि त्या विचारासाठी रक्त धावलं. १८९०मध्ये इंग्लंडमधल्या रॉय आणि शेरिंग्टन यांनी यामागचं तत्त्व मांडलं: मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तो स्वतःकडे जास्त रक्त ओढून घेतो. पुढे १९९०मध्ये जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी याच तत्त्वाचा वापर करून मेंदूचं काम एमआरआयवर पाहण्याची रीत शोधली. वर्तमानपत्रात लाल-पिवळ्या रंगांनी उजळलेला मेंदू आपण पाहतो आणि समजतो की तिथल्या पेशी विचार करताना दिसत आहेत. प्रत्यक्षात ते चित्र रक्ताचं असतं. पेशींच्या हाकेला रक्तवाहिन्यांनी दिलेली ओ तिथे दिसते.

या हाकेला काही सेकंदांत ओ मिळावी लागते, कारण मेंदूजवळ साठा जवळजवळ नाही. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा वापरतो. यकृताजवळ साखरेची शिदोरी असते, स्नायूंजवळ असते. मेंदूचं सगळं येणाऱ्या रक्तावर. रक्त काही सेकंद थांबलं तर माणूस बेशुद्ध पडतो, काही मिनिटं थांबलं तर पेशी मरू लागतात. हे टोकाचं झालं. आज मला बोलायचंय ते रक्त थांबण्याबद्दल नव्हे, वर्षानुवर्षं थोडं कमी पडण्याबद्दल.

मेंदूला चार धमन्या रक्त आणतात, दोन मानेच्या पुढून आणि दोन मागून. मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना जोडून एक कडं करतात. ऑक्सफर्डच्या टॉमस विलिस यांनी १६६४च्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं म्हणून ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. त्या ग्रंथातल्या चित्रांना ख्रिस्तोफर रेन यांचा हात लागला होता. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल ज्यांनी पुढे बांधलं, तेच हे रेन. निसर्गानं या कड्यात मोठी सोय केली आहे. एक वाट बंद झाली तर दुसरीकडून रक्त येऊ शकतं. पण कड्यातून निघालेल्या बारीक धमन्या मेंदूच्या पोटात शिरल्या की ही सोय संपते. प्रत्येकीचा आपला एक तुकडा, आणि त्याला दुसरा वाली नाही.

आत शिरणाऱ्या या बारीक धमन्यांपैकी काही आखूड असतात. त्या मोठ्या धमनीतून जवळजवळ काटकोनात फुटून मेंदूच्या मध्यभागातल्या केंद्रकांत जातात, आणि मोठ्या धमनीतला दाब फारसा कमी न होता त्यांच्यावर येऊन आदळतो. दुसऱ्या लांब आणि केसासारख्या बारीक असतात. त्या पृष्ठभागावरून खोल उतरत मेंदूच्या पांढऱ्या भागात, म्हणजे जोडतारांच्या प्रदेशात पोचतात. कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला 'टेल'ची जमीन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वर जरा कोणी पाणी अडवलं की पहिली झळ टेलला. पांढऱ्या भागाची खोलवरची जागा ही मेंदूतली टेलची जमीन आहे.

आता रक्तदाब वाढला की काय होतं पाहा. तरुणपणी हृदयातून निघणारी महाधमनी लवचीक असते. हृदयाचा ठोका पडला की ती फुगते, मग सावकाश आकसते, आणि ठोक्याचा धक्का स्वतःत जिरवून पुढे रक्ताचा सलग प्रवाह सोडते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांनी ती कडक होत जाते. मग धक्का जिरत नाही, पुढे जातो. इतर बहुतेक अवयव आपल्या धमन्या आवळून त्याला तोंड देऊ शकतात. मेंदू आणि मूत्रपिंड यांना सतत भरपूर रक्त लागतं, म्हणून त्यांची दारं कायम उघडी, आणि धक्का थेट आतल्या बारीक वाहिन्यांपर्यंत पोचतो. दिवसाला लाखभर ठोके धरा. धक्के खाऊन त्या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते. भिंतीच्या आतलं अस्तर रक्ताची मागणी आली की वाहिनी रुंद करण्याचा रासायनिक निरोप देत असतं. ते अस्तर बिघडलं की निरोप उशिरा जातो किंवा जातच नाही. रक्तातलं काय मेंदूत जाऊ द्यायचं आणि काय नाही, याची राखणही हेच अस्तर करतं. तीही ढिली पडते, आणि आत जायला नको ती प्रथिनं झिरपू लागतात.

काही वाहिन्या शेवटी बंद पडतात. प्रत्येक वेळी पंधरा मिलिमीटरहून लहान असा एक तुकडा मरतो, आणि तिथे छोटा खळगा राहतो. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, म्हणून कोणाला पत्ताही लागत नाही. पांढऱ्या भागातल्या जोडतारांवरचं आवरण झिजतं, आणि एमआरआयवर पांढरे ठिपके, मग पांढरे पट्टे दिसू लागतात. अहवालात लिहिलेलं असतं, 'एज रिलेटेड चेंजेस'. घरचे ते वाचून निःश्वास सोडतात. मला त्या शब्दांचा राग येतो. ठिपके वयानुसार वाढतात हे खरं आहे, पण सत्तरीच्या दोन माणसांच्या एमआरआयमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि त्या फरकात आधीच्या वीस वर्षांच्या रक्तदाबाचा वाटा फार मोठा असतो.

या आजाराचं घरातलं रूप ओळखायला हवं, कारण ते विसराळूपणाहून निराळं आहे. अशा माणसाला नातवाचं नाव आठवतं; थोडा वेळ द्यावा लागतो, किंवा पहिलं अक्षर सुचवावं लागतं. गडबड होते ती क्रम लावण्यात. आयुष्यभर दुकानाचा हिशोब ठेवलेला माणूस बिलांच्या गठ्ठ्यापुढे नुसता बसून राहतो. चार पाहुण्यांचा स्वयंपाक सहज उरकणारी बाई कुकर लावून झाल्यावर पुढे काय, यावर अडते. पावलं आखूड पडतात, जमिनीला घासतात. लघवीची घाई होते. आवडीनिवडी उरत नाहीत, आणि मुलं म्हणतात, बाबा हल्ली कशातच लक्ष घालत नाहीत. कित्येकदा या अवस्थेला नैराश्य समजलं जातं, किंवा आळस. आळस समजून घरचे त्या माणसाला बोलतात, हे मी फार पाहिलंय, आणि मला ते बघवत नाही.

मग हे इतकं उघड असताना वैद्यकशास्त्रानं त्याकडे दुर्लक्ष का केलं? दुर्लक्ष सुरुवातीला नव्हतंच. १८९०च्या दशकात जर्मन भाषक वैद्यकात ऑटो बिन्सवांगर आणि आलोइस आल्झायमर हे दोघं कडक झालेल्या धमन्यांमुळे होणाऱ्या बुद्धिऱ्हासावर लिहीत होते. होय, तेच आल्झायमर. १९०६मध्ये ऑगुस्ट डेटर या बाईचा मेंदू तपासून त्यांनी जे वर्णन केलं, त्यावरून त्या आजाराला त्यांचं नाव पडलं. त्या मेंदूतले प्रथिनांचे गाठोळे आणि गुंतवळ जगभर प्रसिद्ध झाले. त्याच अहवालात त्यांनी मोठ्या रक्तवाहिन्या कडक झाल्याची नोंद केली होती, ती मात्र मागे राहिली. पुढच्या शतकात दोन खोकी तयार झाली: एक आल्झायमरचं, दुसरं रक्तवाहिन्यांच्या स्मृतिभ्रंशाचं. रुग्ण या किंवा त्या खोक्यात टाकायचा. १९७४मध्ये कॅनडाच्या व्लादिमिर हाचिन्स्की यांनी पक्षाघाताच्या अनेक छोट्या झटक्यांतून येणाऱ्या स्मृतिभ्रंशाकडे लक्ष वेधलं, तेव्हाही खोकी दोनच राहिली, दुसऱ्यावरची चिठ्ठी तेवढी बदलली.

खोक्यांची भिंत माझ्या मते अमेरिकेतल्या जोगिणींनी पाडली. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६मध्ये नोत्र दाम शिक्षिका भगिनींच्या संघातल्या जोगिणींचा अभ्यास सुरू केला. पुढे ६७८ जणी त्यात सामील झाल्या. सगळ्यांचं जेवण, राहणी, औषधपाणी सारखं, दारू-सिगारेट जवळजवळ नाही. दर वर्षी स्मरणशक्तीची चाचणी द्यायची आणि मृत्यूनंतर मेंदू अभ्यासासाठी द्यायचा, हे त्यांनी मान्य केलं. आयुष्यभर शिकवत आलेल्या बायकांनी मृत्यूनंतरही शिकवायचं ठरवलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. त्यांतल्या पदवीधर १०२ जणींच्या मेंदूंचा अहवाल १९९७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६१ मेंदूंत आल्झायमरच्या खुणा निदान करण्याइतक्या होत्या. पण त्या ६१ जणींपैकी सगळ्या जिवंतपणी भ्रमिष्ट नव्हत्या. काही जणी शेवटपर्यंत शहाण्या राहिल्या. फरक कशात होता? ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात छोट्या झटक्यांचे एक-दोन खळगेही होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कितीतरी जास्त आढळलं. आणि उरलेल्या ४१ जणींत, जिथे आल्झायमरच्या खुणा पुरेशा नव्हत्या, तिथे असे खळगे असूनही बुद्धीवर फारसा परिणाम दिसला नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मेंदू एक मार सोसतो. दोन मार एकत्र आले की कोसळतो. आल्झायमरच्या गाठोळ्यांवर आज आपल्या हातात फार थोडं आहे. दुसरा मार मात्र आपण अडवू शकतो. नंतर इतर ठिकाणी झालेल्या मेंदू-तपासण्यांतही हेच दिसत गेलं: वयस्क रुग्णांत निव्वळ एकच आजार सापडणं कमी, मिश्रण सापडणं नेहमीचं.

शिवाय हे दोन आजार शेजारी-शेजारी राहूनही एकमेकांशी अबोला धरून नाहीत. आल्झायमरमध्ये साठणारं अमायलॉइड हे प्रथिन प्रत्येकाच्या मेंदूत रोज तयार होतं आणि रोज बाहेर टाकलं जातं. बाहेर टाकण्याच्या वाटा रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून आणि भिंतींलगत जातात. २०१२मध्ये मायकेन नेदरगार्ड यांच्या गटानं उंदरांच्या मेंदूत दाखवलं की मेंदूभोवतीचा द्रव धमन्यांच्या कडेकडेनं आत शिरतो आणि कचरा घेऊन बाहेर पडतो. या कामाचे बारकावे अजून वादात आहेत. पण कडक, जाड झालेल्या वाहिन्यांमुळे ही सफाई मंदावते, असं मानायला सबळ कारणं आहेत. अमायलॉइड काढून टाकणारी नवी औषधं आली आहेत, त्यांचा सर्वांत धास्तीचा दुष्परिणामही रक्तवाहिन्यांतूनच येतो: मेंदूला सूज आणि बारीक रक्तस्राव.

निव्वळ रक्तवाहिन्या बिघडल्या आणि बाकी मेंदू निरोगी असला, तरी बुद्धी जाते का? निसर्गानंच या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलं आहे. काही कुटुंबांत नॉच-३ नावाच्या जनुकात दोष असतो. हे जनुक धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायुपेशींत काम करतं. १९९६मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी हा दोष शोधला. या माणसांना तरुणपणी अर्धशिशी, चाळिशी-पन्नाशीत झटके, आणि मग विचारांची गती मंदावत मंदावत स्मृतिभ्रंश येतो. रक्तदाब वाढलेला नसला तरी येतो. त्यांच्या एमआरआयवर तेच पांढरे पट्टे आणि तेच खळगे. हा आजार विरळा आहे, त्याचं महत्त्व मात्र मोठं: दोष फक्त वाहिनीच्या भिंतीत असला तरी माणसाचं मन हरवतं, हे त्यानं सिद्ध केलं.

आता वयाबद्दल. हवाईमधल्या जपानी वंशाच्या पुरुषांचा अभ्यास १९६५च्या सुमारास हृदयरोगासाठी सुरू झाला होता. पंचवीस वर्षांनी त्याच पुरुषांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा मध्यमवयात ज्यांचा वरचा रक्तदाब जास्त, त्यांच्यात म्हातारपणी बुद्धिऱ्हास जास्त दिसला. लंडनच्या सरकारी नोकरांचा १९८५पासून चाललेला व्हाइटहॉल अभ्यास याहून नेमकं सांगतो. पन्नाशीला वरचा आकडा १३० किंवा अधिक असणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला होता. साठाव्या किंवा सत्तराव्या वर्षी घेतलेल्या मोजणीत तसा संबंध दिसला नाही. १३०. आपल्याकडे १३५ असला तर डॉक्टरही पाठ थोपटून घरी पाठवतात.

गोळ्यांनी उपयोग होतो का, हा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मी फुगवून सांगणार नाही. १९९८मध्ये युरोपातल्या सिस्ट-युर चाचणीत साठीपुढच्या २,४१८ जणांमध्ये रक्तदाबाच्या उपचारानं स्मृतिभ्रंशाचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण एकूण रुग्ण होते अवघे ३२, इतक्या थोड्यांवर भिस्त ठेवता येत नाही. २०१९मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंट-माइंड चाचणीत ९,३६१ जण होते. वरचा आकडा १४०च्या खाली ठेवायचा की १२०च्या, अशी तुलना होती. १२०वाल्या गटात सौम्य बुद्धिऱ्हास १९ टक्क्यांनी कमी झाला. स्मृतिभ्रंशही कमी दिसला, पण तो फरक योगायोगानं आला नसेल असं खात्रीनं म्हणता येईना. हृदयाचा फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी लवकर थांबवावी लागली, आणि मेंदूसाठी हवा होता तो वेळच मिळाला नाही.

तो वेळ दिला चीनच्या खेड्यांनी. या अभ्यासावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण जगातल्या कुठल्याही झळझळीत प्रयोगशाळेपेक्षा तो आपल्या जवळचा आहे. लियाओनिंग, शान्शी आणि हुबेई या प्रांतांतली ३२६ गावं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटली. चाळिशीपुढचे, रक्तदाब वाढलेले ३३,९९५ लोक. अर्ध्या गावांत नेहमीचे उपचार चालू ठेवले. उरलेल्या अर्ध्या गावांत काम दिलं गावच्या आरोग्य कार्यकर्त्याला, ज्याला तिथे गावडॉक्टर म्हणतात आणि ज्याचं शिक्षण एमबीबीएसच्या जवळपासही नसतं. त्याला एक ठरलेली उपचारपद्धती शिकवली: अमुक आकड्याला ही गोळी, महिन्याभरात उतरला नाही तर ती जोडा. गोळ्या फुकट किंवा अल्प दरात. रुग्णाच्या घरी मोजायचं यंत्र. लक्ष्य १३० आणि ८०च्या खाली. वरचे विशेषज्ञ फक्त अडचणीला. चार वर्षांत या गावांतल्या लोकांचा वरचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा सरासरी २२नं अधिक उतरला. आणि २०२५मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: स्मृतिभ्रंशाचा धोका १५ टक्क्यांनी कमी.

१५ टक्के म्हणजे चमत्कार नव्हे. पण चारच वर्षांत, जुन्या गोळ्यांनी, गावातल्या माणसानं गावातल्या माणसांना देऊन हे साधलं. आल्झायमरच्या नव्या इंजेक्शनांसाठी लागणारे खर्चीक स्कॅन, जनुकतपासणी, दर पंधरवड्याची शिरेवाटेची औषधं मनात आणा, आणि मग हा आकडा पुन्हा ऐका.

आपल्याकडे काय आहे? साठीपुढच्या भारतीयांच्या एका देशव्यापी अभ्यासानुसार ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. २०१७-१८च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी २८.५ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला. अशा शंभर जणांपैकी आपल्याला बीपी आहे हे ठाऊक असणारे सुमारे अठ्ठावीस. उपचार घेणारे पंधराच्या आत. आटोक्यात असणारे साडेबारा. शंभरातले सत्त्याऐंशी लोक आज आपल्या मेंदूच्या बारीक वाहिन्यांवर रोज लाखभर धक्के घेत आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना काहीही होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. 'मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला' हे वाक्य मी महाराष्ट्राच्या प्रत्येक भागात ऐकलं आहे.

आपल्याकडे मार्गही आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम २०१७मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झाला. एम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन या तीन साध्या औषधांची ठरलेली चढती पद्धत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून उपकेंद्रापर्यंत गोळ्यांचा पुरवठा, प्रत्येक रुग्णाची नोंद. चीनच्या खेड्यांत जे झालं त्याचा सांगाडा आपल्याकडे उभा आहे. उणीव पडते ती सातत्याची: महिनाभर गोळ्या संपलेल्या असतात, बदली झालेल्या परिचारिकेच्या जागी कोणी आलेलं नसतं, पेशंट ऊसतोडीला गेलेला असतो. आणि आशाताईंच्या डोक्यावर आपण आधीच इतकी कामं टाकली आहेत की आणखी एक टाकताना त्यांच्या मानधनाचा विचार आधी व्हायला हवा. हे सभागृहातल्या लोकप्रतिनिधींना उद्देशून म्हणतो आहे.

रक्तदाबाखेरीजही गोष्टी आहेत, त्या थोडक्यात. मधुमेह बारीक वाहिन्यांना तसाच कुरतडतो. डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे, म्हणून मधुमेह्यानं वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. तिथल्या वाहिन्या बिघडल्या असतील तर आतल्याही बिघडल्या असण्याची शक्यता असते. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपर्यंत असावं, आपण त्याच्या दीडपट तरी खातो. तंबाखूच्या बाबतीत आपली समजूत अशी की धूर काढला नाही म्हणजे हृदयाला, मेंदूला धोका नाही. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यातले बहुसंख्य चघळणारे किंवा लावणारे. मिश्री लावणाऱ्या बाईच्या रक्तातही निकोटीन जातं आणि दाब चढतो. आणि एका गोष्टीकडे आपण सगळ्यांनीच काणाडोळा केला आहे: गरोदरपणात ज्या बाईचं बीपी वाढलं होतं, तिला पुढच्या आयुष्यात रक्तदाबाचा धोका जास्त असतो. बाळंतपण सुखरूप पार पडलं की तिचं कार्ड कपाटात जातं, आणि तिचा दाब पुन्हा कोणी मोजत नाही. अशा प्रत्येक बाईचा दाब दर वर्षी मोजला गेला पाहिजे.

वडीलधाऱ्यांसाठी एक सावधगिरी. ऐंशीपुढे, अशक्त प्रकृतीत, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर दाब जोरानं उतरवणं धोक्याचं ठरू शकतं. स्मृतिभ्रंश येऊ लागला की रक्तदाब आपोआप उतरतो, असंही आढळतं. त्यामुळे माझं आजचं बोलणं ऐकून आजोबांच्या गोळ्या वाढवू नका, आणि बंदही करू नका. डॉक्टरांना आजोबांचा उभ्यानं दाब मोजायला सांगा. माझा रोख त्यांच्या मुलांकडे आहे, पन्नाशीच्या, चालत्या-फिरत्या, कधीच दवाखान्यात न जाणाऱ्या मुलांकडे.

एवढं करूनही काहींना स्मृतिभ्रंश येईल. लॅन्सेटच्या तज्ज्ञगटानं २०२४मध्ये चौदा टाळता येण्याजोगी कारणं मोजली आणि जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल असा अंदाज दिला. उरलेला निम्म्याहून जास्त आहे. ज्यांच्या घरी हा आजार आलाय त्यांनी आपलं काही चुकलं म्हणून आला, असं मनाला लावून घेऊ नये. पण अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या अभ्यासात तीन दशकांत नव्या स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दर दशकाला सुमारे वीस टक्क्यांनी घटलं, हेही खरं आहे. ही घट शाळेचं शिक्षण पूर्ण केलेल्यांतच दिसली. म्हणजे मुलीला दहावी-बारावीपर्यंत शिकवणं हाही तिच्या सत्तरीतल्या बुद्धीसाठी केलेला उपाय असू शकतो.

सभागृहाच्या बाहेर व्हरांड्यात चार टेबलं मांडली आहेत. नर्सिंग कॉलेजच्या विद्यार्थिनी तिथे यंत्रं घेऊन बसल्या आहेत. चहा त्यानंतर घ्या. चहा, तंबाखू किंवा जिना चढणं यानंतर अर्धा तास आकडा खरा येत नाही. आधी लघवीला जाऊन या. पाच मिनिटं खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसा. बाही दंडावर दुमडू नका, हात बाहेर काढा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. दोनदा मोजून घ्या आणि आकडा कागदावर लिहून घ्या. वरचा आकडा १३० किंवा अधिक आला तर घाबरू नका, गोळीही स्वतःहून घेऊ नका. आठवडाभर घरी किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात मोजा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांना विनंती आहे की आज त्यांनी थोडं थांबावं. पस्तीस ते साठ वयाच्या मंडळींनी आधी रांगेत उभं राहावं.